केमो चालू असताना लस घ्यावी की सगळं आटोपल्यावर?

हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांना जिवंत लस आणि निष्क्रिय लस यांतला फरक एव्हाना कुणीतरी सांगितलेला असतो. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, फ्लूची नाकात फवारायची लस, या जिवंत लसी केमोच्या काळात टाळायच्याच. तिथे निवडायला काही उरत नाही. ओढाताण होते ती फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) आणि नागिणीची नवी लस यांच्याबाबत. यांत जिवंत जंतू नसतो, म्हणून लसीतूनच आजार जडण्याची भीती नाही. प्रश्न एवढाच, की आत्ता घेऊन ती लागू किती पडणार?

थांबण्याच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना शरीर अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, कमी बनवतं. केमोच्या शेवटच्या सायकलनंतर, म्हणजे फेरीनंतर, तीनेक महिने गेले की तीच लस सहसा जास्त चांगलं काम करते. शिवाय केमोत घेतलेले काही डोस नंतर पुन्हा घ्यावे लागू शकतात. एकदाच घ्यावी आणि नीट घ्यावी, हे मलाही पटलं होतं. पहिल्या खेपेला मी तसंच ठरवलं.

अडलं ते तारखेपाशी. सहा सायकली, प्रत्येकी 21 दिवसांच्या. हिशोब करून डायरीत लसीची तारीख लिहून ठेवली. चौथ्या सायकलच्या आधी काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडले, आठवडा पुढे गेला, तारीख खोडली. मग फ्लूचा हंगाम आला. घरात एकेकाला ताप येऊन गेला, शेवटी मला आला आणि मी पाच दिवस ॲडमिट. पाचवी सायकल त्यापायी लांबली, तारीख पुन्हा खोडली. शेवटी रेडिएशन ठरलं, आणि तीन महिने नेमके कुठून मोजायचे हेच कळेना. त्या पानावर चार तारखा खोडलेल्या आहेत. ज्या आजाराची लस मी पुढे ढकलत होतो, त्याच आजाराने माझी केमो पुढे ढकलली.

दोन वर्षांनी आजार उलटला, तेव्हा मी पहिल्याच भेटीत लसीचा विषय काढला. जमलं तर केमो सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी निष्क्रिय लस घेणं सगळ्यात उत्तम. माझ्याकडे तेवढा अवधी नव्हता. मग काउंट तळाला असतात ते दिवस टाळून, पुढच्या सायकलच्या तीन दिवस आधी फ्लूची लस घेतली. प्लेटलेट कमी होत्या म्हणून सिस्टरांनी बारीक सुई वापरली आणि घड्याळ बघून पूर्ण दोन मिनिटं कापूस दाबून धरला. न चोळता, नुसता दाबून. दंड दोन दिवस दुखला. तो हिवाळा फ्लूशिवाय गेला. एकट्याच्या अनुभवावरून लसीनेच वाचवलं असं म्हणता येणार नाही, घरच्यांनीही या वेळी लस घेतली होती. पण अर्धंमुर्धं का होईना, संरक्षण अंगात आहे, या भरवशावर मी घरात सगळ्यांबरोबर बसून जेवत होतो.

नागिणीचं थोडं वेगळं. जुनी लस जिवंत होती, नवी शिंग्रिक्स तशी नाही. अमेरिकेत 2021 पासून ती प्रतिकारशक्ती कमी असलेल्या 18 वर्षांवरील लोकांसाठीही मंजूर आहे. दोन डोसांमधलं एरवीचं दोन ते सहा महिन्यांचं अंतर अशा रुग्णांसाठी एक-दोन महिन्यांवर आणता येतं. ती मात्र मी उपचार संपल्यावर घेतली. तिला हंगाम नसतो, आणि तिने ताप येण्याची शक्यताही जास्त.

रिटुक्सिमॅब चालू असेल, तर केमोतच लस घेण्याकडचं माझं झुकतं माप बाजूला ठेवा. ते औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मुळावरच घाव घालतं, त्यामुळे शेवटच्या डोसनंतर निदान सहा महिने थांबण्याला खरंच अर्थ आहे. फ्लूच्या लसीचं तेव्हाही विचारून बघा. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल, तर लस दुसऱ्या बाजूच्या दंडावर घ्या. काखेत गाठ सुजली तर पुढच्या स्कॅनमध्ये नसता घोळ होतो.

आणि लस घेतल्यावर 100.4 च्या वर ताप गेला, तर तो लसीचाच असेल असं घरच्या घरी ठरवू नका. मी रात्री अडीचला हॉस्पिटलला फोन केला होता. त्यांनी लगेच बोलावलं, रक्त तपासलं. काउंट ठीक निघाले आणि सकाळी घरी सोडलं.