कॅसँड्राचे नोडटूल: नाडीपरीक्षा उत्तम, वेळापत्रक मात्र आपल्यावर

अपाची कॅसँड्रा हा वितरित (अनेक सर्व्हरांवर विभागलेला) डेटाबेस फेसबुकमध्ये तयार झाला आणि २००८ मध्ये मुक्तस्रोत झाला. त्याच्या देखभालीसाठी सोबत मिळणारे कमांड-लाइन साधन म्हणजे नोडटूल. ते जेएमएक्स या जावाच्या देखरेख-व्यवस्थेद्वारे, एरवी ७१९९ या पोर्टवरून, चालू नोडशी (डेटाबेसच्या एका सर्व्हरशी) थेट बोलते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. माझ्या मते क्लस्टर (नोडांचा समूह) सांभाळणाऱ्याने कोणत्याही देखण्या डॅशबोर्डाच्या आधी हे साधन शिकावे.

सुरुवात बहुतेक जण ‘स्टेटस’ या कमांडने करतात आणि सगळीकडे ‘यूएन’ दिसले की निश्चिंत होतात. ती अक्षरे नोड चालू आहे आणि क्लस्टरमध्ये नेहमीसारखा सामील आहे, एवढेच सांगतात. तो वेळेत उत्तरे देतो आहे का, हे कळण्यासाठी ‘टीपीस्टॅट्स’ या कमांडमधील प्रलंबित कामे आणि तळाशी छापलेले सोडून दिलेले संदेश पाहावेच लागतात. शिवाय कीस्पेसचे (टेबलांच्या गटाचे) नाव न देता ‘स्टेटस’ चालवले आणि कीस्पेसांची प्रतिकृती-मांडणी (माहितीच्या प्रती किती व कुठे ठेवायच्या ते) वेगवेगळी असली, तर प्रत्येक नोडच्या मालकीच्या टक्केवारीला अर्थ नाही, असे साधन स्वतःच स्पष्टपणे बजावते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

कामगिरीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त कमांड ‘टेबलहिस्टोग्राम्स’ आहे. एका टेबलासाठी वाचनाचा व लेखनाचा विलंब मायक्रोसेकंदांत, एका वाचनासाठी उघडाव्या लागलेल्या एसएसटेबल (डिस्कवर माहिती साठवणाऱ्या) फायलींची संख्या आणि पार्टिशनचा (एकत्र साठवलेल्या ओळींच्या गटाचा) आकार हे सारे ५० पासून ९९ पर्यंतच्या पर्सेंटाइलांनुसार (९९ म्हणजे शंभरांपैकी ९९ नोंदी ज्या मूल्याच्या आत येतात ते) एकाच तक्त्यात येते. ५०च्या ओळीत विलंब ठीक, पण ९९च्या ओळीत तो उसळलेला आणि त्याच ओळीत पार्टिशनही अवाढव्य दिसले, तर दोष हार्डवेअरच्या माथी मारण्याआधी टेबलाची रचना तपासावी. फायलींची संख्याच फुगली असेल, तर कॉम्पॅक्शन (या फायली एकत्र करण्याचे काम) मागे पडले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ‘कॉम्पॅक्शनस्टॅट्स’ पाहून ‘सेटकॉम्पॅक्शनथ्रूपुट’ने वेगमर्यादा वाढवता येते आणि त्यासाठी नोड बंद करावा लागत नाही. आवृत्ती ४.० मध्ये ही मर्यादा मुळात सेकंदाला ६४ एमबी असते, त्याआधी ती १६ होती. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंद केली नाही, तर नोड पुन्हा सुरू होताच हा बदल पुसला जातो.

माझी खरी तक्रार ‘रिपेअर’बद्दल, म्हणजे प्रतिकृतींमधील फरक मिटवणाऱ्या कमांडबद्दल, आहे. कॅसँड्रामध्ये काही पुसले की त्या जागी टूमस्टोन (‘हे पुसले’ अशी खूण) लिहिला जातो आणि तो मूळ सेटिंगनुसार ८,६४,००० सेकंद, म्हणजे दहा दिवस, राखला जातो. त्या काळात एखादी प्रतिकृती (प्रत राखणारा नोड) बंद राहून टूमस्टोनला मुकली आणि मुदतीत रिपेअर झाले नाही, तर इतर नोडांवरून टूमस्टोन निघून गेल्यावर तिच्याकडची जुनी प्रत पुन्हा सर्वत्र पसरू शकते. वापरकर्त्याने काढून टाकलेली माहिती परत दिसणे हा विश्वासाचा प्रश्न आहे. असे असूनही रिपेअर कधी, कोणत्या क्रमाने आणि किती भार देऊन चालवायचे, याचे नियोजन नोडटूल करत नाही, आणि मुदत उलटत चालल्याची सूचनाही देत नाही. नोडची फक्त प्राथमिक श्रेणी दुरुस्त करणारा ‘पीआर’ हा पर्याय वापरल्यास प्रत्येक डेटासेंटरमधील प्रत्येक नोडवर तीच कमांड चालवावी लागते. एक नोड राहिला की त्याच्या वाट्याची टोकन-श्रेणी (माहितीचा हिस्सा) दुरुस्तीविना राहते. ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनवर विसंबण्यापेक्षा मूळ स्पॉटिफायमध्ये तयार झालेले, रिपेअरचे नियोजन करणारे रीपर हे साधन यासाठी जोडीला घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

‘क्लीनअप’चेही तसेच: नवा नोड जोडल्यावर जुन्या नोडांवरची, आता त्यांच्या मालकीची नसलेली माहिती आपण ही कमांड चालवेपर्यंत डिस्क अडवून बसते. ‘ड्रेन’ (मेमरीतील माहिती डिस्कवर उतरवून नवे लेखन थांबवणारी कमांड) मात्र निर्दोष आहे, नोड थांबवण्याआधी ती अवश्य चालवावी.

तीन-चार नोडांच्या क्लस्टरला एकटे नोडटूल पुरते. त्याहून मोठ्या क्लस्टरसाठी निदानाला नोडटूल आणि नियोजनाला रीपर, अशी जोडी पहिल्या दिवसापासून ठेवावी.