गेममधला गोल्फ बॉल घेताय? महागडा की मधला

आधीच सांगून टाकतो, पुण्यात गोल्फ क्लब चौकातून मी रोज जातो पण त्या कंपाउंडच्या आत कधी पाय ठेवलेला नाही. माझा सगळा गोल्फ रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर. आणि गेल्या तीन-चार वर्षांत तिथे माझे सगळ्यात जास्त पैसे गेले ते क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर नाही, बॉलवर. जो हातात धरता येत नाही, खिशात टाकता येत नाही, अशा बॉलवर. हे घरी अजून नीट समजावता आलेलं नाही, तुम्हाला जमलं तर मलाही कळवा.

तर प्रश्न असा की दुकानात वरच्या रांगेत जो भारी बॉल चमकत असतो तो घ्यायचा की त्याच्या निम्म्या किमतीतला मधला. फुकटचा बॉल यात मी धरतच नाही, तो कधी संपत नाही हे खरं पण त्याचा मीटर (शॉट मारताना स्क्रीनवर सरकतो आणि नेमका रेषेवर आला की क्लिक करायचं, तो) इतका सुसाट पळतो की शिकाऊ दिवसांनंतर जीव रमत नाही. आणि हे सगळं शॉटागणिक झिजणाऱ्या बॉलबद्दल चाललंय बरं का. गोल्फ क्लॅश नावाचा दुसरा गेम आहे, त्यांचा हिशोब वेगळा, तिथे बॉल होलमागे एक असा जातो, मग एका होलात तीन मारा नाहीतर पाच, त्यामुळे वाऱ्याच्या होलासाठी चांगला बॉल राखून ठेवता येतो. मी खेळतो तिथे राउंड सुरू झाली की बॅग बंद, जो लावलाय तोच शेवटपर्यंत. निदान तसं असायला हवं, त्याच्याकडे येतोच.

महागडा चांगला आहे का? आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मीटर संथ चालतो, रेषेवर क्लिक करायला सवड मिळते, ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पडला की दोन टप्प्यात बसतो, मधल्याला एक टप्पा जास्त लागतो. टिकण्याच्या रेघाही जास्त दाखवतात. पण माझ्या वापरात मला असं वाटलं की किंमत दुप्पट आणि टिकतो फार तर दीडपट. तुमचं वेगळं असू शकतं, मी काही वहीत मांडून ठेवलेलं नाही.

मांडायला हवं होतं खरं, कारण खरी गोम पटमध्ये (putt, म्हणजे ग्रीनवर बॉल होलाकडे हलकेच ढकलणं) आहे. पार ७२ चा कोर्स, म्हणजे १८ होल ७२ शॉटमध्ये संपवणं अपेक्षित, त्यात ३६ पट गृहीत धरलेले असतात, दर ग्रीनवर दोन. आणि गेमला ड्राइव्ह (होलचा पहिला लांब शॉट) काय, पट काय, सगळं सारखंच, एक शॉट म्हणजे एक शॉट. २८० यार्डाचा ड्राइव्ह मारला तरी बॉलचं आयुष्य एकने कमी आणि होलाच्या तोंडाशी वीतभर अंतरावरून नुसता ढकलला तरी एकनेच. म्हणजे तुम्ही जे जादा पैसे मोजले त्यातले जवळजवळ निम्मे ग्रीनवर संपतात, जिथे लांबीचा उपयोग शून्य. रिक्षा सिग्नलला उभी आहे आणि मीटर पळतंय, तसं. खऱ्या गोल्फमध्ये पटने बॉल झिजतो असं कोणी ऐकलंय का? हे एकदा डोक्यात बसलं की मग डब्यावरची किंमत बघू नका, एका शॉटला किती पडतं ते बघा. तिथे मधला सरळ स्वस्त पडतो.

पाण्याचं तर विचारूच नका. बॉल नवा असो की शेवटच्या घटका मोजणारा, पाण्यात गेला की गेला, उरलेले सगळे शॉट त्याच्यासोबत बुडाले. लहानपणी आमच्या कॉलनीत नियम होता, ज्याने गटारात मारला त्याने काढायचा नाहीतर नवीन आणायचा, इथे तोच नियम आहे फक्त काढायची सोय नाही. महागडा बॉल लावून पाण्यावरून मारायची वेळ आली की माझा हात आखडतो, एक क्लब जास्तीचा, म्हणजे जास्त लांब मारणारा घेतो, मग बॉल ग्रीनच्या मागे जातो. मधल्याला असं होत नाही. मारतो बिनधास्त.

पण माझा निर्णय पैशांनी झाला नाही, तो झाला गेममधल्या सेंट अँड्र्यूजच्या (स्कॉटलंडमधला प्रसिद्ध कोर्स) १७व्या होलवर. महिन्याची स्पर्धा, मी पाच अंडर, म्हणजे पारपेक्षा पाच शॉट कमी, कोर्सला लागून असलेल्या हॉटेलच्या कोपऱ्यावरून ड्राइव्ह काढला आणि असा पडला की स्वतःलाच शाबासकी द्यावी. दुसऱ्या शॉटला मीटर सुरू केला तर तो सुटलाच, मी क्लिक करेपर्यंत रेषा ओलांडून पार पुढे. बॉल ग्रीनच्या उजवीकडून मागच्या रस्त्यावर. तिथून भिंतीपाशी, मग चिप (छोटा उचललेला शॉट), मग दोन पट, एकूण सहा शॉट. आधी वाटलं नेट अडकलं असेल. मग कोपऱ्यात बघितलं तर बॉलचं चित्रच बदललेलं, माझ्या महागड्याचं आयुष्य ड्राइव्हबरोबर संपलं होतं आणि गेमने गुपचूप फुकटचा बॉल लावून दिला होता. सूचना नाही, बीप नाही. टेनिस बॉलचं कसं असतं, आधी लव जाते, मग टकला होतो, मग चीर पडते, तोपर्यंत नव्या बॉलची वर्गणी गोळा झालेली असते. इथे शेवटच्या शॉटपर्यंत पांढराशुभ्र, एक ओरखडा नाही, आणि एकदम गायब.

आता शिल्लक बघून राउंड सुरू करायची ही माझी जबाबदारी, मान्य. मोठमोठ्यांचं होतं असं. २००० च्या यूएस ओपनमध्ये टायगर वुड्सने रात्री हॉटेलच्या खोलीत पटिंग केलं आणि तीन बॉल तिथेच राहिले, सकाळी पेबल बीच कोर्सच्या १८व्या टीवरून (जिथून होलचा पहिला शॉट मारतात ती जागा) ड्राइव्ह समुद्रात मारला तेव्हा बॅगेत एकच बॉल उरला होता आणि ते फक्त कॅडीला, म्हणजे त्याची बॅग सांभाळणाऱ्याला माहीत होतं. पुढे तो १५ शॉटनी जिंकला ते सोडा. इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फर एडी पेपरेल २०१९ मध्ये टर्कीतल्या स्पर्धेत पाण्यात मारत मारत बॉलच संपवून बसला आणि बाद झाला. पण त्यातली गंमत बघा, या मोठ्या स्पर्धांमध्ये एका राउंडमध्ये एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा बॉल वापरायचं बंधन असतं. मधेच दुसऱ्या जातीचा बॉल लावला तर दंड. आणि आपल्याकडे गेम स्वतःच लावून देतो आणि दंड आपल्याला.

याच्यावर उपाय म्हणजे दर स्पर्धेला कोरा बॉल आणि अर्धवट वापरलेले सरावाला. महागड्या बॉलचं हे खिशाला झेपत नाही, झेपलं तरी मन होत नाही, "अजून वीसेक शॉट आहेत की" म्हणत आपण तोच लावतो आणि १७व्या होलवर रडतो. मधल्याचं मन होतं. शिवाय मधल्याचा मीटर आणि फुकटच्याचा मीटर यात फरक तसा कमी, चुकून बदललाच तर हात अगदीच उघडा पडत नाही. महागड्याची सवय लागलेल्या बोटाला फुकटचा बॉल म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरला एकदम रेसिंग बाइक दिल्यासारखं.

ज्यांचा हात थोडा थरथरतो, किंवा जे फोनवर बोटाने खेळतात, किंवा वरच्या लेव्हलला मागच्या टीवरून खेळावं लागतं त्यांनी महागडा घेतला तर मी चूक म्हणणार नाही, संथ मीटर तिथे खरंच कामाला येतो. फक्त डझनाने घ्या, एक-दोन घेऊन पुरवून पुरवून वापरू नका. तेवढं बजेट नसेल तर, मला विचाराल तर, मधला.

माझ्या बॅगेत महागड्याचे दोन अजून पडून आहेत, एक कोरा आणि एकात अकरा शॉट शिल्लक. मुलगा म्हणतो बाबा सरावात संपवून टाका ना. अकराचा काल लावला होता, पहिल्याच होलला पाणी दिसलं आणि परत बाहेर येऊन बदलला.