छापील चार्ट, दोन वेळचं जेवण की आपल्याच ताटात हळूहळू बदल?

वजन उतरवायचं ठरलं की पुण्यात साधारण तीन वाटा समोर येतात: जिममधून मिळालेला छापील चार्ट, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत, किंवा आहे तेच ताट थोडं थोडं बदलत नेणं. वजन तिन्हींनी उतरतं. उतरलेलं वजन वर्षभरानंतर कुठे असेल, ते पाहून निवड करावी.

चार्ट बहुधा 1,200 कॅलरींचा असतो. बैठं काम करणाऱ्या 80 किलोच्या माणसाला दिवसाला 2,000 ते 2,200 कॅलरी लागतात, म्हणजे एका रात्रीत 800 ते 1,000 ची तूट. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो आणि हुरूप चढतो. त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. जेवणासोबत डाळ-दूधही कमी केलं असेल, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. खरी अडचण मात्र ओट्यापाशी येते. चौघांचा स्वयंपाक एक आणि एकाचं सूप-सॅलड वेगळं, हे दीड-दोन महिन्यांपलीकडे फारसं कुठे टिकत नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मुदत घालून वजन उतरवायला सांगितलं असेल, तर देखरेखीखाली ही वाट ठीक आहे.

दोन वेळच्या जेवणाची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि मधे खायचं नाही. वेगळं काही शिजवावं लागत नाही, नियम एका वाक्यात कळतो, हे तिचं मोठं बळ. ज्याचं बिघडतं ते मधल्या खाण्यात, त्याला ती चांगली लागू पडते: चारचा वडापाव, सहाचा चिवडा, टपरीवरचे चार चहा आपोआप जातात. बिघडतं कुठे? 55 मिनिटं मिळाली म्हणून पाच पोळ्या, वर भात आणि गोड. शिवाय हिंजवडीत शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, तर भुकेच्या वेळा बसतच नाहीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डोस बदलून घेतल्याशिवाय हे करूच नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या वाटेला जाऊ नये.

तिसरी वाट सगळ्यात मंद आहे, आणि घरात एकच स्वयंपाक होत असेल तर आमचा कौल तिलाच. हिशोब असा: एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. रोज 300 ची तूट ठेवली तर किलोभराला 25-26 दिवस. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला लागतंही कमी.

हे 300 आणायचे कुठून? आधी आठवडाभर काहीही न बदलता सगळं लिहून काढा, तोंडात टाकलेले मूठभर दाणेसुद्धा. मग दर दोन आठवड्यांना एकच बदल. पहिला तेलाचा. चार माणसांना महिन्याला चार लिटर लागत असेल, तर माणशी रोज 33 मिली होतं. तीन लिटरवर आणलं की 25, आणि माणशी 65-70 कॅलरी वाचतात. त्यासाठी फोडणीला किटलीतून धार सोडणं बंद करायचं. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवायचं आणि कढईत चमच्याने मोजून घालायचं. दुसरा बदल चहाचा: चार कपांत दोन-दोन चमचे साखर असेल तर आधी दीड, पंधरा दिवसांनी एक. तेवढ्यात आणखी 65 गेले, आणि जिभेला सवय व्हायला वेळही मिळाला. संध्याकाळच्या वाटीभर फरसाणाऐवजी 30 ग्रॅम फुटाणे घेतले तर आणखी 90-100. शेवटी रात्रीची एक पोळी. ती नुसती काढली तर अकरा वाजता डबे उघडले जातात, म्हणून तिच्या जागी पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर वाढवा. कोशिंबिरीत दोन चमचे कूट पडलं की पन्नास-साठ कॅलरी परत आल्या, एवढं ध्यानात असू द्या. वरण पातळ असेल तर ते घट्ट करा किंवा जोडीला दही घ्या. दिवसाला वजनाच्या किलोमागे किमान 0.8 ग्रॅम प्रथिनं हवीतच.

ही वाट फसते ती हमखास उपवासाच्या दिवशी. चतुर्थीची एक बशी साबुदाणा खिचडी, कूट-तूप-बटाट्यासकट, 400 च्या वर सहज जाते आणि पोट दोन तासांत रिकामं. वरीचे तांदूळ आणि ताक घेतलं तर भूक जरा लांबते. दुसरा घात होतो रविवारी: सकाळी तळजाईची टेकडी चढून घाम गाळायचा आणि उतरल्यावर मिसळीबरोबर चार पाव. चढण्यात गेलेलं सगळं त्या बशीत परत येतं.

वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी, चहाआधी करा आणि सरासरी पाहा. बायकांनी मागच्या मासिक पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. कंबरही मोजा: पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. सहा आठवडे नोंद चोख असूनही दोन्ही हललं नाही, तर पोळी आणखी तोडू नका, आधी थायरॉइड तपासून घ्या. आणि गणपती ते दिवाळी या काळात वजन उतरवायचा हट्ट नको, आहे तेवढं राखा. फराळ घरी आला की चकली-शंकरपाळ्यांचे डबे हॉलमध्ये ठेवू नका. वाटीत काढून घ्या, झाकण लावा, डबा वरच्या फळीवर.