गव्हावरच्या माव्यासाठी बॅटरी पंप: रब्बी हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

पंप १६ लिटरचा, बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची. सोलापूर भागात रब्बीला मुख्य काम घेतलं ते गव्हावरच्या माव्याचं, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, म्हणून मतही तेवढ्यापुरतंच. पंप घेण्यासारखा आहे. पण ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं औषध नाही, पाणी कमी पडतं, आणि बॅटरी पंपावर ही चूक हातपंपापेक्षा सहज होते.

हिशेब बघा. गव्हातल्या माव्याला थायामेथोक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारे दाणे) हेक्टरी ५० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून. म्हणजे एकरी २० ग्रॅम आणि २०० लिटर, साडेबारा टाक्या. गोल फवाऱ्याच्या एका नोझलमधून मिनिटाला साधारण एक लिटर पडतं. पट्टा एक मीटरचा धरला तर मिनिटाला २० मीटरच चालायचं. दांडा हापसायचा नसल्यामुळे पाय आपोआप उचलतात, आणि मिनिटाला ३० मीटर झालं की एकरी पाणी १३३ लिटरवर येतं, औषधही तेवढंच घटतं. मावा पानाच्या खालच्या बाजूला, पोंग्यात आणि पुढे ओंबीच्या दाण्यांच्या बेचक्यात बसतो. औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून फिरणारं, असलं तरी बुडाकडून शेंड्याकडे चढतं. वर पडलेलं खालच्या पानात उतरत नाही. म्हणून आधी साधं पाणी भरून मिनिटभर बादलीत सोडा, मोजा, आणि आपल्या नोझलची चाल ठरवा. इतकं हळू चालणं जमत नसेल तर दोन नोझलचा दांडा लावा. पट्टा तोच एक मीटरचा ठेवला तर चाल मिनिटाला ४० मीटर ठेवता येते, पण बॅटरी लवकर उतरते.

दुसरी अडचण मापाची. एका टाकीला १.६ ग्रॅम औषध येतं, ते चमच्याने मोजणं म्हणजे अंदाजच. एकराचं २० ग्रॅम औषध अडीच लिटर पाण्यात कालवा आणि प्रत्येक टाकीत २०० मिली घाला. दाणेदार औषध तळाला बसतं, दर वेळी डबा हलवा. द्रावण त्याच दिवशी संपवा.

एका चार्जिंगवर एका नोझलने एकर निघतं, नवी बॅटरी असेपर्यंत. पुढे शेवटच्या दोन-तीन टाक्यांना दाब पडतो, थेंब मोठे होतात आणि ओंबीवरून ओघळतात. फवारा जाड दिसला की काम थांबवून चार्जिंगला लावा. तसंच रेटून एकर संपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा. उजनीच्या कालव्याच्या पाण्यात गाळ, बोअरच्या पाण्यात क्षार. टाकीच्या तोंडाची जाळी अपुरी पडते, वर सुती कापड लावून गाळा. नोझल तुंबलं तर जुन्या टूथब्रशने साफ करा. तारेने भोक मोठं होतं आणि वर मांडलेला हिशेब बिघडतो.

आता फवारायचं कधी. ढगाळ, थंड हवेत मावा झपाट्याने वाढतो, कारण माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात. गर्दी झाली की पंखवाले तयार होऊन शेजारच्या रानात जातात. ज्वारीवर चिकटा (माव्याचा गोड चिकट स्राव) पडला असेल तर गव्हाच्या त्या बाजूच्या कडा आधी बघा, ज्वारी-मक्यावरच्या माव्याची एक जात गव्हावरही जगते. करडईवरचा काळा मावा मात्र वेगळा, त्याला बघून गहू फवारू नका. शेतात वेगवेगळ्या ठिकाणी ओंब्या तपासा. ओंबीला सरासरी पाचच्या पुढे मावे दिसले तर पंप भरा. ढालकिडे, त्यांच्या अळ्या, आणि फुगून तपकिरी पडलेले मावे भरपूर दिसत असतील तर थोडे दिवस थांबून पुन्हा मोजा. त्या फुगलेल्या माव्यांत परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते, आणि हे फुकटचं काम मोडणं फार नुकसानीचं आहे. दाणा कडक होत आल्यावर तर फवारूच नका. फवारणी ते काढणी २१ दिवसांचं अंतर लागतं, आणि फेब्रुवारीअखेर इथल्या उन्हात मावा आपसूक ओसरतो.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मावा मारणारी बुरशीही याच पंपातून जाते, पण या बुरशीला ओल लागते. पाणी दिलेल्या रानात, संध्याकाळी, मावा थोडा असतानाच तिचा उपयोग. कोरड्या हवेत तिच्यावर विसंबू नये. आणि उशिरा पेरलेला, युरियाचा जादा हप्ता दिलेला लुसलुशीत गहू असेल तर कितीही चांगला पंप असो, मावा परत येतो.

शेजारी करडई फुलात असेल तर संध्याकाळीच फवारा आणि वारा तिकडे असेल तर थांबा, थायामेथोक्झाम मधमाश्यांना घातक आहे. गव्हातल्या तणांवर २,४-डी मारलेला पंप द्राक्ष, डाळिंब किंवा हरभऱ्यावर अजिबात नेऊ नका. नळीत राहिलेला अंशही पानं वाकडी करतो. तणनाशकाला जुना हातपंप वेगळा ठेवलेला बरा.

हंगाम संपल्यावर टाकी, नळी, नोझल साध्या पाण्याने तीनदा धुऊन मोटर कोरडी होईपर्यंतच चालवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. उतरलेली बॅटरी उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडली तर पुढच्या रब्बीला नवी घ्यावी लागते.