निक्षय नोंदणी: भांडुपच्या एका दवाखान्यातून

भांडुपला माझी जनरल प्रॅक्टिस आहे. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं आहे. त्याच वर्षी ‘निक्षय’ ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. माझे बरेच डॉक्टरमित्र तिला अजून कारकुनी काम समजतात. मला ती उपचाराचाच भाग वाटते.

फॉर्म अवघड नाही. नाव, पत्ता, फोन, टीबी फुप्फुसाचा की दुसऱ्या अवयवाचा, निदान कशावरून झालं, एवढं भरलं की रुग्णाचा निक्षय आयडी तयार होतो. मानेतल्या गाठींचा टीबीही कळवायचा असतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

वेळ जातो तो रुग्णाची समजूत घालण्यात. “मॅडम, माझं नाव वर पाठवू नका. घरी महापालिकेचं कुणी आलं तर अख्ख्या चाळीला कळेल. बहिणीचं लग्न ठरतंय.” ही भीती खरी आहे. टीबी झालेल्या सुनेला माहेरी धाडणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून फॉर्म उघडण्याआधीच मी सांगते, की औषधोपचार माझ्याकडेच चालू राहतील, आणि आरोग्यसेविकेला घरी न येता दवाखान्यातच भेटायची विनंती मी करीन. आमच्या वॉर्डातल्या ताईंनी ही विनंती दरवेळी मानली आहे. त्यांचं वागणं इतकं समजूतदार असतं, की घाबरलेली माणसं पुढे स्वतःहून त्यांना फोन करतात.

आणि मिळतं काय? रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, ही तपासणी मोफत होते. औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईत मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे या एका तपासणीसाठीसुद्धा मी नोंद करीन. घरातल्यांची तपासणी होते, लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मात्र पैसे थेट बँक खात्यात येतात. ज्याचं खातंच नाही, अशा परगावच्या कारागिराला आधी ते उघडत बसावं लागतं. निक्षयला मी देत असलेल्या पाच ताऱ्यांमधला अर्धा तारा इथे कापला जातो.

शिमग्याला चिपळूणला गेलेला एक रुग्ण आजारी वडिलांपाशी तिथेच राहिला. पूर्वी असा माणूस हातातून सुटायचा, गोळ्या बंद व्हायच्या. आम्ही निक्षयवर त्याची बदली तिकडच्या केंद्राकडे केली आणि त्याचा कोर्स तिथे पूर्ण झाला.

पाचपैकी साडेचार. डॉक्टरांना नोंदीचे ५०० रुपये मिळतात आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५००. निकाल कळवायचा राहून जातो, तो कृपया कळवा. लॉगिन नसेल तर वॉर्डाच्या टीबी अधिकाऱ्यांना भेटा, किंवा निक्षय संपर्कच्या १८००-११-६६६६ या टोल-फ्री नंबरवर विचारा. रुग्णांनाही हा नंबर चालतो.