घरी बांधलेला सीएनसी राउटर, अकरा महिन्यांनंतर: मोटरी चांगल्या, स्क्रू चांगले, सगळा घात व्हॅक्युमच्या नळीने केला

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस राहिले होते. सागवानाच्या दाराचं पॅनेल सीएनसी राउटरवर, म्हणजे लॅपटॉपच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या मशिनवर, काम चौथ्या तासात, आणि मशिन एकदम उभं राहिलं. कोरणारं बिट फिरतंय, पण पुढे सरकत नाही. लॅपटॉपवर पाहिलं तर पोर्टच, म्हणजे मशिनशी यूएसबीची जोडणीच, गायब. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला रंधा मारत होतो, जळक्या सागाचा वास आला तेव्हा धावलो. मोराची मान निम्मी कोरलेली आणि तिथेच बिट एका जागी फिरून रुपयाएवढा काळा खड्डा. पॅनेल धरणगावच्या गिऱ्हाइकाचं, आखाजीला त्यांची वास्तुशांत. लाकूड 3,800 रुपयांचं.

त्या दिवशी मी आबांना म्हटलं, हे मशिन विकून टाकतो. आज मत तसं नाही. पण मधल्या दिवसांत जे कळलं ते मशिन बांधायला बसलेल्या प्रत्येकाला आधी कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशिन काय आहे ते थोडक्यात. 600 बाय 900 मिलिमीटरचं टेबल, लोखंडी चौकोनी पाईपची फ्रेम, सरकायला एसबीआर 16 च्या रेल, ढकलायला 1605 बॉल स्क्रू (नटात छर्रे असलेले), पायरी-पायरीने फिरणाऱ्या चार नेमा 23 मोटरी (एक्स आणि झेड दिशेला एकेक, वायला दोन; झेड म्हणजे वर-खाली), त्या मोटरी चालवणारे टीबी 6600 ड्रायव्हर, 36 व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), आर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल (लॅपटॉपच्या आज्ञा मोटरींपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर), बिट फिरवायला स्पिंडलच्या जागी 710 वॉटचा ट्रिमर. ठरवले होते 35,000, गेले 47,600. एवढ्याच मापाच्या तयार मशिनचा मला सांगितलेला भाव 1,60,000 होता, त्यामुळे जास्त गेले म्हणून मी रडत नाही.

पैसे वाचवायची जागा म्हणून मी फ्रेम निवडली, ते चुकलं. जळगावच्या भंगारातून पाईप आणले, अमळनेरात वेल्डिंग करून घेतलं. वेल्डरने एका बाजूचे सगळे टाके एका दमात मारले आणि फ्रेमला दोन मिलिमीटरचा पीळ पडला. रेलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून, गुण्या आणि दोरा लावून ती सरळ करण्यात अकरा दिवस गेले. टाके आलटूनपालटून, समोरासमोर, थंड होऊ देत मारले असते तर हे झालं नसतं. आता 300 मिलिमीटरचा चौकोन कापला की दोन कर्णांत 0.3 मिलिमीटरचा फरक येतो. सुतारकामाला तेवढं पुष्कळ झालं.

बॉल स्क्रूबद्दल माझं मत बदललं. सुरुवातीला वहीत लिहून ठेवलं होतं की हा फुकटचा खर्च आहे, लाकडाला टी 8 चा लीड स्क्रू (साध्या आट्यांचा) पुरे. म्हणून झेडला टी 8 च लावला होता. पाच महिन्यांत त्याचं पितळी नट इतकं झिजलं की व्ही आकाराच्या बिटने कोरलेल्या अक्षरांचे काने एकीकडे जाड, एकीकडे बारीक दिसू लागले. झेडलाही 1605 टाकला. हिशोब सोपा आहे: मोटरच्या एका फेऱ्याला 200 पायऱ्या, ड्रायव्हरवर 8 मायक्रोस्टेप (प्रत्येक पायरीचे आठ भाग), स्क्रू एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका मिलिमीटरला 320. सेटिंगमध्ये तोच आकडा टाकला आणि आजवर बदलावा लागला नाही. सागवानात 6 मिलिमीटरचं बिट, एका पासला 2 मिलिमीटर खोल, फीड (सरकण्याचा वेग) मिनिटाला 1,500 मिलिमीटर. रोज हेच चालतं.

आता मूळ मुद्दा.

मशिन पहिल्यांदा चाललं जूनमध्ये. जून ते दिवाळी एकदाही थांबलं नाही. कानबाईच्या (श्रावणातला खानदेशी सण) वेळी चौरंगांच्या ऑर्डरी होत्या, रात्री दोनपर्यंत चालवलं, तरी नाही. डिसेंबरात एकदा थांबलं, जानेवारीत तीनदा. मार्चपासून रोज. कधी यूएसबी तुटायची, कधी कुठलाही स्विच दाबला गेलेला नसताना लिमिट स्विचचा (मशिन टोकाला पोचलं की दाबला जाणारा) अलार्म यायचा.

मी धरून चाललो की बोर्ड खराब आहे. जिथून ऑनलाइन घेतला त्यांना फोन केला. ते म्हणाले, आधी आर्थिंग तपासा. मला वाटलं, टाळताहेत. तीन आठवडे भांडलो, व्हिडिओ पाठवले, बोर्ड कुरियरने परत पाठवला, तो 'व्यवस्थित आहे' म्हणून परत आला. तोवर मी दुसरं उनो घेतलं 450 ला, विजेचा गोंगाट अडवणारी फेराइटवाली यूएसबी केबल 280 ला, आणि एसएमपीएसवर संशय म्हणून नवा एसएमपीएस 1,850 ला. 2,580 रुपये गेले आणि मशिन तिथंच थांबत राहिलं. तेवढ्यात ते पॅनेल जळालं.

पॅनेल जळाल्याचं ऐकून शेजारचे बापू आले. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. त्यांनी मशिनच्या फ्रेमला उलटा हात लावला आणि लगेच काढला, झिणझिण्या येत होत्या. मला रोज येत होत्या, मी त्या एसएमपीएसच्या समजून सोडून देत होतो. बापूंनी होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावून एक वायर फेजला, दुसरी आर्थिंगला धरली. बल्बची तार नुसती लालसर, विझत्या निखाऱ्यासारखी. म्हणाले, "पयले खड्डामा पानी टाक भो, मंग मशिनले दोष दे." आमचा आर्थिंगचा खड्डा घर बांधलं तेव्हाचा, कोळसा-मीठ घातलेला, पण वीस वर्षांत कुणी त्यात पाणी घातलं नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडची काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळते, मातीने पट्टीची पकडच सोडली होती. दोन घागरी पाणी ओतलं. अर्ध्या तासाने परत बल्ब धरला तर पिवळा लख्ख. (हा बल्बचा प्रयोग स्वतः करू नका. त्या वेळी जमिनीत करंट सोडलेला असतो. वायरमनलाच करू द्या.)

झिणझिण्या गेल्या. मशिन तीन दिवस सरळ चाललं. मी सगळ्यांना सांगून बसलो की आर्थिंग हेच कारण होतं. चौथ्या दिवशी परत थांबलं.

खरं कारण रात्री सापडलं. लाईट गेली होती, आल्यावर मी शेडचा दिवा न लावता नुसतं मशिन चालू केलं. भुसा ओढायला ट्रिमरच्या तोंडाशी व्हॅक्युमची नळी लावलेली आहे, पीव्हीसीची, तीन मीटर. तिच्याजवळ हात नेला तर मनगटावरचे केस उभे राहिले. आणि नळी ट्रिमरच्या क्लॅम्पला टेकते तिथं, तट्ट आवाज होऊन बारीक निळी ठिणगी. मी तिथंच उभा राहून मोजलं, मिनिटाला तीन-चार. पाचव्या-सहाव्या ठिणगीला पोर्ट गेलं.

कोरडा भुसा प्लास्टिकच्या नळीतून जोरात घासत जातो, तेव्हा नळीवर स्थिर वीज साठते. पावसाळ्यात हवेत ओल असते, ती वीज हळूहळू निघून जाते, म्हणून जून ते दिवाळी काही झालं नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडची हवा इतकी कोरडी की सगळी वीज नळीवरच साठते आणि जवळच्या लोखंडावर उडी मारते. तिथून लिमिट स्विचच्या वायरींत, वायरींतून बोर्डात, यूएसबीत. खड्ड्यात पाणी घातल्याने फ्रेमचं आर्थिंग सुधारलं, पण गॅन्ट्रीचा (ट्रिमर वाहून नेणारी सरकती कमान) फ्रेमशी पक्का संबंधच नव्हता. मध्ये रेलच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि पाईपवरचा रंग.

उपाय 140 रुपयांचा. बिनवेष्टनाची तांब्याची तार आणली. आधी नळीच्या आतून घातली, तर सागाच्या लांब छिलका तिला अडकून दोन दिवसांत नळी तुंबली. मग बाहेरून, चार बोटांवर एक असे वेढे घेत गुंडाळली. एक टोक ट्रिमरच्या क्लॅम्पला, दुसरं आर्थिंगच्या पट्टीला. गॅन्ट्री, झेडची प्लेट आणि फ्रेम, प्रत्येकाला स्वतंत्र हिरवी वायर; जिथं वायरीच्या टोकाचा लग बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं. लिमिट स्विचला शील्डवाली (धातूची जाळी असलेली) केबल टाकली, तिचं शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला जोडलं, आणि प्रत्येक पिनवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मीटरजवळ 30 मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला, तो 1,700 ला पडला, पण तो घरातल्या माणसांसाठी आहे, मशिनच्या हिशोबात धरत नाही.

त्यानंतर आज पस्तिसावा दिवस. एकदाही थांबलं नाही.

मला राग याचा येतो की मशिन बांधणारे जे कुणी भेटले ते मोटर किती टॉर्कची, रेल एसबीआर की एचजीआर, यावर तासतासभर बोलले. नळीला तार लाव हे एकानेही सांगितलं नाही. खानदेशात किंवा कुठल्याही कोरड्या मुलखात मशिन बांधणार असाल तर स्क्रू घेण्याआधी ती तार घेऊन ठेवा.

ज्यांच्याशी भांडलो त्या विक्रेत्यांना मी परत फोन केला, सांगितलं की तुमचं बरोबर होतं. बोर्डाबद्दलची माझी तक्रार मागे. टीबी 6600 पैकी एकाच्या टर्मिनलचा आटाच नव्हता आणि तो बदलून मिळाला नाही, ती तक्रार आहे तशीच आहे.

आणखी एक चूक माझी. मी होमिंग (मशिनला लिमिट स्विचपर्यंत नेऊन त्याची जागा ठरवणं) न करता काम सुरू करायचो. त्यामुळे यूएसबी तुटली की मशिनला आपण कुठे आहोत हेच कळायचं नाही. जीआरबीएलमध्ये जी 54 चा शून्य, म्हणजे कामाचा सुरुवातीचा बिंदू, बोर्डात जतन राहतो. सुरुवातीला होमिंग केलेलं असेल तर तुटल्यावर परत होमिंग करून, दोन-चार ओळी मागून काम पुढे चालू करता येतं. हे आधी केलं असतं तर मान निम्मी राहिली नसती. खड्डा मात्र पडलाच असता.

बाकी तक्रारी किरकोळ. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ड्रायव्हरना हात लावता येत नाही, दोन पंखे लावलेत आणि काम सकाळी सहा ते अकरा. एमडीएफची पूड रेलच्या ग्रीसमध्ये कालवून लेप होतो, म्हणून रोज कोरड्या फडक्याने पुसून मशिनचं पातळ तेल. मोटरच्या कपलिंगचे ग्रब स्क्रू दर महिन्याला एलन कीने बघावे लागतात. टेबलावरचा एमडीएफ पावसात फुगतो, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मध्यभागी जवळपास एक मिलिमीटर वर आला होता. यंदा मृगाच्या आधी त्याला दोन्ही बाजूंनी सीलर मारणार आहे.

धरणगावचं पॅनेल नव्या लाकडावर परत कोरलं, पदरचे 3,800 घालून. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबांनी आणि मी ते दारात बसवलं. जळालेलं पॅनेल शेडमध्येच आहे, त्याच्या चांगल्या बाजूतून दोन देवघरांच्या जाळ्या निघतील.