डेस्कटॉप वारंवार कोसळतो: वेलँडवर राहावे की एक्स११ वर जावे?

लिनक्सवर काम चालू असताना पडदा काळा होतो, थेट लॉगिनचा पडदा समोर येतो आणि उघडलेले सगळे बंद झालेले असते. हे वारंवार होऊ लागले की ‘एक्स११ निवडून पाहा’ हा सल्ला हमखास मिळतो. एक्स११ आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती आहेत; वेलँड त्यांतली नवी. तो चुकीचा नाही, मात्र त्याने काय साधते हे जाणून निर्णय घ्यावा.

१९८७ पासून चालत आलेल्या एक्स११ मध्ये पडद्यावर चित्र उमटवणारा सर्व्हर वेगळा आणि खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम वेगळा असतो. त्यामुळे ग्नोम शेल (ग्नोम या डेस्कटॉपचा मुख्य प्रोग्राम) कोसळले, तरी बहुधा ते पुन्हा उभे राहते आणि अर्धवट लिहिलेले पत्र शाबूत राहते. वेलँडमध्ये ही दोन्ही कामे कंपोझिटर नावाचा एकच प्रोग्राम करतो. तो पडला की त्याच्यावर चालणारे प्रोग्रामही जातात. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या गटाने २०२४ च्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत क्यूटी या साधनसंचावर बेतलेले प्रोग्राम अशा वेळी तगावेत अशी सोय केली, हे मला फार मोलाचे वाटते. ग्नोमची एक्स्टेन्शन्स (जोडसुविधा) शेलच्याच प्रक्रियेत चालतात, म्हणून सत्र बदलण्याआधी, म्हणजे वेलँडऐवजी एक्स११ निवडून लॉगिन करण्याआधी, ती सगळी बंद करून पाहावीत.

सुरक्षेत आणि वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे (सेकंदाला चित्र किती वेळा ताजे होते त्याचे) दोन मॉनिटर सांभाळण्यात वेलँड उजवे आहे. शिवाय एक्स११ चे दिवस भरत आले आहेत: उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचे एक्स११ सत्र उरलेले नाही.

पण मुळात दोष वेलँडमध्येच आहे का? कोसळल्यावर टर्मिनलमध्ये ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ (coredumpctl list) ही आज्ञा चालवून कोणता प्रोग्राम पडला ते बघावे आणि ‘जर्नलसीटीएल’ (journalctl) या आज्ञेने दिसणाऱ्या त्या वेळेच्या नोंदी वाचाव्यात. ‘आउट ऑफ मेमरी’ (Out of memory, म्हणजे मेमरी संपली) दिसल्यास सत्र बदलून काहीही साधणार नाही. ‘एनव्हीआरएम’पुढे (NVRM) ‘एक्सआयडी’ (Xid) दिसल्यास संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर किंवा कार्डावर घ्यावा. दर वेळी निराळाच प्रोग्राम पडत असेल, तर मेमटेस्ट८६+ हा तपासणीचा प्रोग्राम रात्रभर चालवून रॅम तपासावी.

केप्लर या जुन्या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांना ४७० मालिकेपुढचा ड्रायव्हर मिळत नाही; तिथे मी एक्स११ च सुचवेन. नव्या एनव्हिडिया कार्डावर आधी ५५५ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर घालावा. इंटेल वा एएमडी ग्राफिक्स असेल, तर वेलँडवरच राहावे आणि एक्स११ चा उपयोग चार-आठ दिवसांच्या पडताळणीपुरता करावा.